अपुरी ठेविलेली दगडांची रास

वाचन : निर्गम, अध्याय ३२, लूक १९, ओव्या १ ते १०.

प्रियजनहो, मोशे सीनाय पर्वतावरून खाली आला व त्याने अहरोनास जाब विचारिला. त्यावर अहरोनाने काय उत्तर दिले? लोक दुष्ट आहेत. त्यांनी सोने दिले, ते अग्नीत टाकिले, आणि त्यातून हे वासरू निघाले! कोरणी आपल्याच हाती होती, हे त्याने सांगितले नाही. ज्या कबुलीत करणाऱ्याचा हात दिसत नाही, ती कबुली नव्हे.

आता आपल्याच प्रॉटेस्टंट बंधूंचे उदाहरण पाहा. कॅनडा देशात मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवीत. पैसा सरकारचा व कारभार चर्चांचा. तेथे मुलांस मातृभाषा बोलण्याची बंदी असे, व पुष्कळांचा छळ झाला. १९८६ साली सडबरी येथे युनायटेड चर्च ऑफ कॅनडाच्या मॉडरेटरांनी मूळ रहिवाशांच्या वडील जनांपुढे क्षमा मागितली. आपल्या चालीरीतींनाच सुवार्ता समजून त्या आम्ही तुमच्यावर लादल्या, असा तिचा आशय होता. वडील जनांनी शब्द आदराने ऐकून घेतले, पण माफी स्वीकारली असे म्हटले नाही. तेथे दगडांची रास रचिली गेली व ती मुद्दाम अपुरी ठेविली. कारण काम अपुरे होते. त्या माफीत वसतिशाळांचे नावही नव्हते. ते नाव घेऊन, शारीरिक व लैंगिक अत्याचारांचा स्पष्ट उच्चार करून, चर्चने १९९८ साली पुन्हा क्षमा मागितली.

हे आम्ही दुसऱ्यांस दोष देण्याकरिता लिहीत नाही. एके वर्षी आम्ही भर उपासनेत एका विधवेवर वर्गणीच्या पैशांचा आळ घेतला. हिशेब पुन्हा पाहता चूक आमचीच निघाली. आम्ही रात्री तिच्या दारी जाऊन क्षमा मागितली. ती शांतपणे म्हणाली, "पाळकसाहेब, आळ घेतला तेव्हा सारी मंडळी होती. आता तुम्ही नि मीच." पुढल्या रविवारी वेदीपुढे उभे राहताना आमचे पाय कापत होते, परंतु त्या दिवसापर्यंत आम्ही क्षमा मागितलीच नव्हती, असे आम्हांस कळून आले.

तर उपदेशक बंधूंनो, जेथे दोष केला तेथेच तो कबूल करा. "काही चुका झाल्या असतील" असे न म्हणता, "मी हे केले" असे म्हणा. जक्कयाने सर्वांदेखत चौपट परत देण्याचे वचन दिले. तसे तुम्हीही हिरावलेले परत करा, मग ते धन असो वा अब्रू. आणि ज्याला दुखविले त्याच्यावर क्षमेची सक्ती करू नका. ख्रिस्ताची शिकवण दाखवून त्याचे तोंड बंद करणे हा दुसरा अपराध होय. तो गप्प राहिला, तर आपल्या राशीवर आणखी दगड ठेवावयाचे आहेत असे समजावे व कामास लागावे.

पाळकाने मान लवविली म्हणून मंडळी ढासळत नाही. त्याने दोष झाकिला, तर मात्र ती आतून पोखरते. देव आम्हां सर्वांस खरी लाज व खरे धैर्य देवो. आमेन.