बुरशीचा जीव

लोणच्यावर बुरशी आली की त्यात अनंत जीव, म्हणून आपण ते खात नाही. तीच बुरशी पोराच्या फुफ्फुसात शिरली तर?

भंवरकुआंला शेजारच्या सूनबाईंनी मला हेच विचारलं. मुलाला रक्ताचा कर्करोग, केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी पार उतरलेल्या. अ‍ॅस्परजिलसचे बीजकण हवेत असतातच; भिंत फोडली, माती खणली की जास्त. तुमच्या-माझ्या श्वासातूनही जातात, पण शरीराचे पहारेकरीच नसले की रुजतात. अँटिबायोटिक देऊनही ताप हटत नाही, मग सीटी स्कॅनमध्ये दिसतात. "काकू, औषध म्हणजे हिंसाच ना?"

गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य, बचावासाठीची विरोधी हिंसा टळत नाही, असं आपल्याकडे मानलंय. पण एवढं सांगून तिला गप्प करणं मला पटेना. त्या बीजकणाला कुठलं वैर? तोही जगायलाच आलेला. आणि अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध १९५० च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूपासूनच मिळालं! हिशेब मांडायचा तरी कुठून, बाई?

मी म्हटलं, "औषध चालू दे गं. त्या जिवांची क्षमा रात्री प्रतिक्रमणात माग, पोराच्या उशाशी बसून. आणि देवळातली फुलं तेवढी खोलीत नेऊ नकोस."