आठ मीटरवरचा डोळा

रात्रीच्या रस्त्यावरची एक जागा मनाने गाठा. समोर मोटार उभी आहे, हेडलाइट लागलेले आहेत. दिव्यापासून आठ मीटर पुढे या. मोटारीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर सरका. नजर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ठेवा, आणि इथे थोडा वेळ थांबा.

ही मोजमापं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या १०६व्या नियमात दिलेली आहेत. दिव्याचा झोत इतका खाली वळवलेला असावा, की या जागी ज्या कुणाचे डोळे असतील ते दिपू नयेत, असं तो नियम सांगतो. तिथे कोण आहे हे तो विचारत नाही. रात्रीची वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी असेल, पाळी संपवून घरी चाललेली नर्स असेल. दिवा मोटारीच्या मालकाचा, पण त्याची मापं घेतली आहेत ती परक्याच्या डोळ्यावरून. कायद्याच्या रुक्ष भाषेत इतकी माणुसकी मला फार कमी ठिकाणी भेटली आहे. आणखी एक श्वास इथेच घ्या.

आता तिथून दिव्याच्या आत चला. एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब डोळ्यांसमोर आणा. हा १९७१ सालापासून वापरात आहे, आणि आपल्याकडच्या असंख्य मोटारींत आजही तोच असतो. त्यात दोन फिलामेंट असतात. अप्परचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी बसवलेलं असतं, त्यामुळे उजेड सरळ दूरवर जातो. डिपरचं फिलामेंट किंचित पुढे असतं. त्याचा जो उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर पडतो, तो खाली रस्त्याकडे वळतो. खालच्या भागावर पडला असता, तर तो वर उसळून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. म्हणून त्या फिलामेंटच्या खाली धातूची एक चिमुकली वाटी बसवलेली असते. खाली जाणारा उजेड ती अडवते.

या वाटीपाशी मन जरा जास्त वेळ राहू द्या. वीज खर्च करून उजेड तयार केला आणि त्यातला मोठा वाटा जाणूनबुजून अडवला. झोपलेल्या लेकराच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून कंदिलाच्या काचेला एका अंगाने कागद लावावा, तसंच हे. दोन फिलामेंटचा बल्ब १९२०च्या दशकातच आला होता. त्यानंतर शंभर वर्षं या विषयातली खरी मेहनत जितकी उजेड वाढवण्यात गेली, तितकीच तो कुठे जाऊ नये हे ठरवण्यात गेली, असं मला वाटतं.

वाटीची एक कड सरळ नसते, तिला पंधरा अंशांचा उतार दिलेला असतो. त्यामुळे झोताची वरची सीमा उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे वर चढते. युरोपात ही रचना १९५०च्या दशकात रूढ झाली. तिथे बहुतेक देशांत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून त्यांचा चढ उजवीकडे, आपला डावीकडे. उजव्या अंगाने समोरची मोटार येते, तिच्यासाठी उजेड नमता ठेवायचा. डाव्या अंगाला साइडपट्टीवरून चालणारा माणूस, उसाची बैलगाडी, मैलाचा दगड, त्यांच्यासाठी तो उचलायचा. एकाचे डोळे दिपू नयेत आणि दुसरा दिसावा, ही दोन्ही कामं धातूच्या त्या इवल्या कडेवर सोपवलेली आहेत.

फिलामेंट आणि वाटी यांच्या जागा थोड्या जरी हलल्या, तरी हे सगळं विस्कटतं. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात लोक बाजारातला एलईडी बल्ब बसवतात. पांढराशुभ्र उजेड पडतो, मालक खूश होतो. पण प्रकाशाचा उगम जिथे हवा तिथे नसेल, तर झोताची सीमा पुसली जाते आणि उजेड चौफेर उधळतो. मला याचा मनापासून त्रास होतो.

आता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांमागे जाऊन बसा. दोन्ही वाहनं ताशी साठच्या वेगाने आली, तर मधलं शंभर मीटर अंतर तीन सेकंदांत संपतं. बाहुली चटकन आकसते, पण दिपलेल्या पडद्याला पुन्हा अंधार वाचायला वेळ लागतो. वय वाढलेलं असेल, मोतीबिंदू धरू लागला असेल, तर उजेड भिंगातच पसरतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. त्या भिंतीपलीकडे रस्त्यावर कोण आहे, हे त्याला कळत नाही.

२०१३ साली आउडीच्या ए-८ मोटारीत मॅट्रिक्स एलईडी दिवे आले. कॅमेरा समोरचं वाहन हेरतो आणि झोतातले तेवढेच दिवे मंद करतो. बाकी रस्ता उजळलेला राहतो. काम सुंदर आहे. पण असा कॅमेरा मुख्यतः समोरच्या वाहनाचे दिवे पाहून ओळखतो. हातात बॅटरीही नसलेला पायी माणूस त्याच्या हिशेबात येईलच असं नाही. शिवाय आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक वाहनांत डिपर अजून बोटानेच द्यावा लागतो. तेव्हा ते बोट कुणासाठी हलतं, याच्यावर थोडं रेंगाळा.

शेवटी हे मनन अंगणात न्या. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर मोटार उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा आणि डिपर लावा. उजेडाची सपाट कड खुणेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी. दिवा ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर ती कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. मागे ओझं भरल्यावर मोटारीचं नाक एक अंशाने जरी उचललं, तरी ती रस्त्याला टेकतच नाही. ऐंशी मीटरवर ती सव्वा मीटर उंचीला पोचते, म्हणजे समोरच्या चालकाच्या थेट नजरेत. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असतं, ते याच्यासाठीच. मागच्या सीटवर तिघांना बसवा, कड किती वर सरकते ते पाहा, आणि ते चाक एकेक आकडा फिरवत तिला पुन्हा खुणेखाली आणा.