उत्तरे हरवलेली पत्रे

प्रेमपत्र कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न भावनेचा वाटतो. पत्राच्या मालकीचा पहिला मोठा निकाल मात्र पुस्तकाच्या धंद्यातून लागला. १७४१ साली कवी अलेक्झांडर पोपने लंडनचा पुस्तकविक्रेता एडमंड कर्ल याला कोर्टात खेचले, कारण कर्लने त्याचा पत्रव्यवहार न विचारता छापला होता. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी असे ठरवले की पत्र हाती आल्याने फार तर कागद आपला होतो, त्यातला मजकूर जगापुढे मांडण्याचा हक्क मिळत नाही. ही वाटणी इतकी सोयीची ठरली की ती अजून टिकून आहे. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीनेही कागद कुणाकडेही असो, मजकुरावरचा पहिला हक्क लिहिणाऱ्याचाच. या साऱ्या विचारात शब्दांचा धनी आणि कागदाचा धनी एवढेच दोघे धरलेले आहेत. धंद्याच्या किंवा साहित्यिकांच्या पत्रांना तेवढे पुरतेही. लग्नाची आस लावून बसलेल्या प्रियकराच्या पत्रांना मात्र ते अपुरे पडते. अशा पत्राचा निम्मा मजकूर प्रेयसीविषयीच असतो: ती काय म्हणाली, कुणाशी हसली, का गप्प राहिली. म्हणजे कागदाची मालकीण असलेली ती त्या मजकुराचा विषयही असते, आणि विषय म्हणून तिचा हक्क कोणता, हे हार्डविकसाहेबांपुढे कुणी विचारलेच नव्हते.

ते न विचारल्याची किंमत फॅनी ब्रॉनने मोजली. तिचा प्रियकर कवी कीट्स आणि ती हॅम्पस्टेडला शेजारीशेजारी राहत. कीट्सजवळ पैसा नव्हता, पुढे प्रकृतीही राहिली नाही. वाङ्‌निश्चय झाला तरी लग्न लांबतच गेले. १८१९च्या उन्हाळ्यात बाहेरगावाहून आणि १८२०मध्ये आजारपणात, कधी तर शेजारच्याच घरातून, त्याने तिला पत्रे लिहिली. त्यांत अपार ओढ आहे, तसाच टोचणारा संशयही आहे. तिची उत्तरे उरली नाहीत. रोममध्ये आलेली तिची पत्रे उघडण्याचे बळ त्याला झाले नाही, आणि १८२१च्या फेब्रुवारीत ती त्याच्याबरोबर न वाचताच पुरली गेली. फॅनीने यथावकाश लग्न केले, संसार केला, पत्रे जपली आणि १८६५ साली ती वारली. १८७८मध्ये हॅरी बक्स्टन फॉर्मनने ती पत्रे छापली. १८८५मध्ये त्यांचा लिलाव झाला, तेव्हा ऑस्कर वाइल्डने चिडून सुनीत लिहिले. मॅथ्यू अर्नोल्डने पत्रांवर टीका केली, पण ती कीट्सच्या संयमाविषयी होती. अनेक वाचकांनी फॅनीलाच आरोपी केले. उथळ, छचोर, कवीला न शोभणारी अशी तिची प्रतिमा तयार झाली, आणि तिला पुरावा होता तो फक्त एका क्षयाच्या रुग्णाच्या मत्सराचा. १९३६मध्ये कीट्सच्या धाकट्या बहिणीला फॅनीने लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतली फॅनी जाणती, वाचन करणारी आणि दुःख मुकाट्याने सोसणारी निघाली. मधली अठ्ठावन्न वर्षे कीट्सच्या पत्रांत एक अक्षरही बदलले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, मग काय ती पत्रे जाळायची? कीट्सच्या गद्याला मुकायचे? तसे मुळीच नाही. छापणे आणि साक्ष म्हणून वापरणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि माझी तक्रार दुसरीविषयी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिनेच ती जपली, म्हणजे तिची संमतीच होती. काफ्काची वाग्दत्त वधू फेलिस बाउअर हिने तर त्याची पत्रे १९५५ साली प्रकाशकाला स्वतः विकली. ती १९६७मध्ये छापून आली. पण संमतीने एकतर्फी कागद दुतर्फी होत नाही. फेलिसची उत्तरे आज नाहीत. त्यामुळे ती आपल्याला दिसते ती काफ्काच्या पत्रांत पडलेल्या सावलीपुरतीच. उलट उदाहरणही बघण्यासारखे आहे. सतराव्या शतकातल्या डॉरथी ऑस्बर्नची पत्रे उरली आणि तिच्या प्रियकराची, विल्यम टेंपलची, जवळजवळ सगळी गेली. पण म्हणून टेंपलला कुणी उथळ ठरवल्याचे ऐकिवात नाही. पुरुषाची हरवलेली बाजू आपण त्याच्या बाजूने भरून काढतो, बाईची तिच्याविरुद्ध.

मराठीत मात्र दोन्ही बाजू उरल्याचा नमुना आहे. कवी अनिल आणि कुसुमावती जयवंत यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ साली पुस्तकरूपाने आला. कुसुमावती त्याआधी, १९६१मध्ये, गेल्या होत्या. पण पुस्तकात दोघांचीही पत्रे आहेत. त्यामुळे तिथे अनिलांचे म्हणणे तिच्या उत्तराला तोलून वाचता येते, आणि ती कुणाच्या कवितेचे निमित्त न उरता स्वतःच्या भाषेत बोलते. पुढे समीक्षक म्हणून नावाजलेल्या लेखिकेचे विचार त्या वयात कसे घडत होते, हेही त्यातून कळते. प्रत्येकाच्या घरी दोन्ही गठ्ठे सापडणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून जुनी प्रेमपत्रे छापणाऱ्या संपादकांना एवढीच विनंती: दुसरी बाजू मिळाली नसेल, तर ते शेवटच्या टिपांत दडवू नका. कुणाची पत्रे हरवली आणि ती कशी गेली, हे पहिल्याच पानावर सांगा.