वाघळाचे ऋण

जतेकडे द्राक्ष-डाळिंबांच्या बागा झाल्या आणि वाघळे वैरी ठरली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणारी वाघळे उपद्रवी म्हटली होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. पण पंढरीच्या वाटेने दिंडी वडाखाली टेकते. काही वड माणसांनी लावले. रानातले? वाघूळ वडाची फळे खाते, विष्ठेतून बी टाकते; ते उंच बेचक्यात रुजते, मुळे खाली भुईला येतात.

कुणी म्हणेल, ‘महाराज, ते पोटासाठी खाते, पुण्य कसले?’ खरेच, फळाची आशा त्याला आहेच, बरं का! पुण्य त्याचे नसेल. पण ऋण देणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही; सावलीत बसला त्याच्यावर ते चढलेच. बागेवर जाळी घालावी, ते रास्त. वडाला लटकून झोपलेल्या वाघळांना धोंडे मारणे आम्हांस पटत नाही.