छंदाला नीती असते काय?



निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याविषयी पुष्कळ लिहिले जाते. तो वेळ घालवताना तो इतरांचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आम्ही उभा जन्म फळ्यासमोर काढला आणि आता रंधा, पटाशी व कातकामाचे यंत्र घेऊन बसतो. म्हणून हा प्रश्न आम्ही सुतारकामापुरता घेत आहोत. ज्यांचा छंद बागेचा, शिवणाचा किंवा स्वयंपाकाचा असेल त्यांनी तो आपापल्या कामाला लावून पाहावा.

"हा तर छंद! त्यात नीती-अनीती कसली?" असे म्हणणारे स्नेही आम्हांला भेटतात. आमचे मत उलट आहे. पोटासाठी काम करणाऱ्यापाशी गरज नावाची एक सबब असते. मुले लहान असतात, मालक सांगेल तसे करावे लागते, मिळेल ते लाकूड मिळेल त्या भावाने घ्यावे लागते. त्याच्या हातून काही वावगे झाले तर जग त्याला थोडी सूट देते आणि ते रास्तही आहे. पेन्शन खाणाऱ्याला ती सूट कोणत्या नात्याने मिळावी? त्याच्यावर मालक नाही, आणि त्याने केलेल्या वाडग्यावाचून कोणाचे जेवण अडत नाही. गरज संपली की सबबही संपते. म्हणून छंदाची नीती धंद्याच्या नीतीहून अधिक कडक असली पाहिजे.

आता लाकडाचेच पाहू. इस्राएलच्या किनारपट्टीच्या गावांतून उष्ण देशांतली झाडे रस्तोरस्ती दिसतात. हिब्रूत ज्याला 'सिसाम' म्हणतात तो आपल्या हिंदुस्थानातला शिसू. शिवाय बकाणनिंब, गुलमोहर, वडा-उंबराच्या जातीची झाडे आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला जॅकरंडा. किन्नेरेत सरोवराच्या आसपास आंब्याच्या बागा आहेत. वादळात फांदी मोडते, रस्ता रुंद करताना झाड जाते, बाग म्हातारी झाली की मालक ती काढून टाकतो, आणि असले बरेच लाकूड यंत्रात घालून त्याचा चुरा होतो. शिसूच्या अशा ओंडक्याच्या टोकांना मेण लावून तो सावलीत सुकवावा. इंचभर जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. मग रंधा फिरवला की आतला तपकिरी गाभा आणि त्यातल्या काळसर रेघा दिसू लागतात.

परंतु पडलेले लाकूड म्हणजे बेवारशी लाकूड नव्हे. 1926 साली ब्रिटिश अमदानीत झालेल्या जंगलाच्या कायद्यापासून या देशात संरक्षित झाड तोडण्यास परवाना लागतो. परवाना तोडणाऱ्याने घ्यायचा. आपण एवढे करावे की लाकूड उचलण्यापूर्वी नगरपालिकेच्या माणसाला किंवा बागवाल्याला विचारावे. विचारून घेतलेले आणि न विचारता उचललेले लाकूड दिसायला सारखेच असते. फरक फक्त घेणाऱ्याला माहीत असतो.

दुकानातल्या परदेशी लाकडाचे काय? ब्राझीलच्या शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून बंदी आहे. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाचे सारे कूळ परवान्याच्या कक्षेत आले, आणि हिंदुस्थानातल्या शिसूच्या कारागिरांची मोठी अडचण झाली. 2022 साली पनामा येथे भरलेल्या परिषदेत हिंदुस्थानने त्यांची बाजू मांडली, तेव्हा शिसूच्या 10 किलोंहून कमी वजनाच्या वस्तूंना परवान्यातून सवलत मिळाली. ही सवलत ज्यांची चूल त्या लाकडावर पेटते त्यांच्याकडे पाहून मागितली गेली होती. तिचा आधार घेऊन निवृत्तांनी फळ्या साठवू नयेत. "मी एकच फळी घेतली, तेवढ्याने जंगल थोडेच संपते?" हे उत्तर शिक्षकाला नवीन नाही. वर्गात गलका झाला की चाळीसही मुले हेच सांगतात की मी एकच शब्द बोललो.

दुसरी बाब पैशाची, आणि आमच्या मते हीच अधिक नाजूक. छंद म्हणून केलेली वाडगी, पोळपाट, लाटणी घरात मावेनाशी झाली की पुष्कळजण ती बाजारात मांडतात आणि भाव सांगतात फक्त लाकडाचा व पॉलिशचा. "आम्हांला कुठे नफा हवा आहे?" हे औदार्य वाटते खरे. पण शेजारच्या गाळ्यातल्या कातारीला त्याच वाडग्यातून भाडे, कर आणि मुलांची फी काढायची असते. बेथलेहेमात जैतुनाच्या छाटलेल्या फांद्यांवर कोरीव काम करून जगणारी घराणी आहेत. 2020 साली साथीमुळे आणि ऑक्टोबर 2023 नंतर युद्धामुळे यात्रेकरू येईनासे झाले तेव्हा त्यांच्या दुकानांवर अवकळा आली. अशा माणसाशी आपण पेन्शनच्या जोरावर भावाची स्पर्धा करावी हे न्यायाचे नाही. विकायचेच असेल तर कारागिराचा भाव विचारून तोच सांगावा. नाही तर ज्याला वस्तू हवी आहे त्याला ती प्रेमाने द्यावी. हवी आहे ना, हे मात्र आधी विचारावे. पाचवे वाडगे हसून स्वीकारणाऱ्या सुनेचाही विचार करायला हवा.

तिसरी बाब शेजाऱ्यांची. आपण बहुतेक शिकूनमध्ये राहतो. एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागून असते. लाकडाच्या बारीक धुळीने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नमूद केले आहे. तो भुसा जिन्यात जाऊ न देणे आणि दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवणे, एवढे शेजाऱ्याचे ऋण आहे.

कोणी म्हणेल, इतका हिशेब ठेवला तर छंदातली मौजच गेली. या म्हणण्यात काही तथ्य आहे. उतारवयात माणसाला थोडी मोकळीक हवी असते, आणि पाऊल टाकताना दर वेळी विचार करणारा माणूस चालूच शकत नाही. परंतु हा हिशेब रोजचा नाही. एकदा चांगली सवय लावून घेतली की तो आपोआप चालतो. शिवाय आपल्याच पूर्वजांकडे पाहावे. कोकणात ते तेल गाळून पोट भरीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. साऱ्या घराचे पोट त्या लाकडी घाण्यावर होते. एक दिवस अधिक फिरवला असता तर चार शेर तेल अधिक निघाले असते, आणि गरजेची सबब तर खरीच होती. तरीही त्यांनी तो थांबवला.

त्यांनी गरज असून थांबायचे ठरवले. आपल्याला तर गरज नाही, वेळ भरपूर आहे आणि हातात कसबही थोडेफार आले आहे. अशा वेळी विचारून लाकूड घेणे, कारागिराचा भाव न पाडणे आणि शेजाऱ्याला झोपू देणे, यात आपले फारसे काही जात नाही. आमच्या अनुभवाने सांगतो, असे केलेल्या कामावरून हात फिरवताना मन स्वस्थ असते. आणि निवृत्तीत माणसाला याहून अधिक काय हवे असते?