शब्द दिला तो कोणत्या दिवसासाठी?



लग्नाच्या दिवशी वधूवर वेदीपुढे एकमेकांना शब्द देतात. सुखाच्या दिवसांत एकत्र राहायला शपथ लागत नाही. आजारपण येते, नोकरी जाते, घरात महिना महिना अबोला धरला जातो, तेव्हा त्या शब्दाची खरी गरज पडते. शब्द हा अडचणीच्या दिवसासाठीच दिलेला असतो, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे. मग राष्ट्रांचे काय? एखाद्या देशाच्या संसदेने शांततेच्या काळात जगाला दिलेला शब्द भीतीच्या काळात परत घ्यावा का? 2025 साली युरोपातील पाच देशांच्या खासदारांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. आज त्यावर थोडे चिंतन करू या.

शब्द काय होता?

डिसेंबर 1997 मध्ये कॅनडातील ओटावा शहरी अनेक राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या. माणसाच्या पावलाने फुटणारे भूसुरुंग आम्ही वापरणार नाही, बनवणार नाही, साठवणार नाही आणि दुसऱ्याला देणारही नाही, असा तो करार. 1 मार्च 1999 पासून तो अमलात आला आणि पुढे 160 हून अधिक देश त्यात सामील झाले. व्हॅटिकननेही डिसेंबर 1997 मध्येच सही केली. या करारासाठी झटणारी आंतरराष्ट्रीय मोहीम आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बंदूक, तोफ, बॉम्ब यांना सोडून याच शस्त्रावर एवढा रोष का? बंदुकीमागे एक माणूस उभा असतो. समोर लहान मूल दिसले तर तो बंदूक खाली करू शकतो. भूसुरुंगामागे कोणीच नसते. पाऊल सैनिकाचे की सरपण गोळा करणाऱ्या बाईचे, हे त्याला कळत नाही. युद्ध संपले हेही त्याला कळत नाही. कंबोडियात 1991 साली शांतता करार झाला. तरीही 1996 या एका वर्षात तेथे सुरुंगांनी आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने चार हजारांहून अधिक माणसे मारली किंवा जखमी केली. राजस्थानात 1968 साली तयार झालेला आपला 'जयपूर फूट' अफगाणिस्तान, अंगोला, कंबोडिया अशा देशांत पोहोचला तो याच कारणाने. 2023 या वर्षी जगभरात भूसुरुंग आणि युद्धातील स्फोटक अवशेष यांनी किमान 5,757 माणसांचा बळी घेतला किंवा त्यांना जखमी केले. त्यांतील 84 टक्के साधे नागरिक होते.

पाच संसदांचा निर्णय

2025 साली लाटविया, लिथुआनिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांच्या संसदांनी या करारातून बाहेर पडण्याच्या बाजूने मतदान केले. फिनलंडमध्ये 19 जून रोजी 157 खासदारांनी बाजूने मत दिले आणि 18 जणांनी विरोधात. पोलंड आणि लिथुआनिया ही तर बहुसंख्य कॅथलिकांची राष्ट्रे आहेत.

या खासदारांना क्रूर म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. फिनलंडची लोकसंख्या सुमारे 56 लाख आणि रशियाशी त्याची सरहद्द सुमारे 1,340 किलोमीटर. 1939 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत फौजा ही सरहद्द ओलांडून आत शिरल्या. त्या काळातील युद्धांत फिनलंडने आपल्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा गमावला आणि चार लाखांवर माणसे घरदार सोडून निघाली. 2022 साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले तेव्हा ती जुनी आठवण पुन्हा जागी झाली. रशिया या करारात नाही आणि युक्रेनमध्ये त्याने अफाट प्रमाणात सुरुंग पेरले आहेत. शत्रूच्या हातात जे आहे ते आमच्या हातात का नको, असे तेथील खासदार विचारतात.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडण्याची मुभा करारातच आहे. त्यामुळे त्यांनी शब्द चोरून मोडला असे म्हणता येत नाही. मात्र त्याच कलमात पुढे एक अट आहे. ती सहा महिन्यांची मुदत संपताना देश युद्धात गुंतलेला असेल, तर युद्ध संपेपर्यंत बाहेर पडणे लागू होत नाही. करार लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की, युद्धाच्या भरात माणसाला शब्द जड होतो. म्हणूनच त्यांनी त्या दिवसाचे दार बंद करून ठेवले.

गाल कोणाचा?

एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा, असे प्रभूने शिकवले. पण माझा गाल पुढे करणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या मुलाचा गाल पुढे करणे वेगळे. खासदाराच्या हाती लाखो माणसांची सुरक्षा सोपवलेली असते. ती वाऱ्यावर सोडण्याचा त्याला अधिकार नाही. म्हणूनच संत ऑगस्टीन आणि तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्ध असू शकते हे मान्य केले. परंतु आपल्या परंपरेने त्याच वेळी मर्यादाही घातली. हेतू चांगला असला म्हणून कोणतेही साधन चालत नाही. जो लढत नाही त्याला लक्ष्य करायचे नाही. बचाव करणाऱ्यालाही ही मर्यादा आहेच.

यावर उत्तर मिळते की, आम्ही सुरुंग जबाबदारीने वापरू, नकाशे नीट ठेवू, युद्ध संपताच काढून घेऊ. हे मनापासून सांगितले जाते, यात शंका नाही. पण आपल्या देशाचा अनुभव या ठिकाणी बोलका आहे. 13 डिसेंबर 2001 रोजी आपल्या संसदेवर हल्ला झाला. खासदारांच्या दारातच गोळीबार झाला. त्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झाले आणि पाकिस्तानच्या सरहद्दीवर सुमारे 20 लाख सुरुंग पेरले गेल्याचा अंदाज आहे. आपले लष्कर शिस्तीचे, त्यांच्याकडे नकाशे होते आणि शेवटी युद्ध झालेच नाही. तरीही पंजाब, राजस्थान आणि जम्मू-काश्मीरमधील शेते पडीक राहिली. शेतकरी आणि गुरे जखमी झाली. सुरुंग पेरताना आणि काढताना आपले जवानही मृत्युमुखी पडले. भारत ओटावा करारात सामील नाही. आपल्या सरहद्दी लांब आहेत, असे आपले सरकार कारण देते. सुरुंगांच्या वापरावर काही बंधने घालणारा एक दुसरा आंतरराष्ट्रीय मसुदा मात्र भारताने मान्य केलेला आहे.

आम्हाला काय वाटते?

या पाच देशांची भीती खरी आहे, पण त्यांचा निर्णय चुकला, असे आमचे मत आहे. दूर सुरक्षित बसून हे लिहीत आहोत, याची आम्हाला जाणीव आहे. तरी दोन कारणे नमूद करावीशी वाटतात.

पहिले कारण असे की, ओटावा करार बचावाची सर्व साधने काढून घेत नाही. रणगाड्यांविरुद्धचे सुरुंग त्यात बंद नाहीत. सैनिकाने स्वतः पाहून, कळ दाबून उडवायचा सुरुंगही बंद नाही. त्या क्षणी पाहणारा आणि ठरवणारा एक माणूस तेथे हजर असावा, एवढेच करार मागतो. खासदार जेव्हा हा करार सोडतो, तेव्हा मारायचे की नाही हा निर्णय तो एका डबीकडे सोपवतो. त्या डबीला सदसद्विवेकबुद्धी नसते. वीस वर्षांनी तेथून जाणारे मूल कोणाचे असेल, हे खासदारालाही माहीत नसते. बहुधा ते त्याच्याच देशाचे असेल, कारण सुरुंग आपण आपल्याच भूमीत पेरतो.

दुसरे कारण शब्दाविषयीचे. ज्याला शत्रू नाही त्यानेच पाळायचा करार असेल, तर तो कोणासाठीच उरत नाही. नॉर्वेची सरहद्दही रशियाला लागून आहे, जरी ती फिनलंडच्या मानाने फार लहान असली तरी. नॉर्वेने मात्र करारातच राहण्याचे ठरवले. तेव्हा शेजारी तोच असला तरी दुसरे उत्तर देता येते.

शब्द पाळण्याची किंमत मोजावी लागते, हे लपवू नये. सुरुंगांनी जो रस्ता रोखला असता, तो रोखण्यासाठी कदाचित अधिक जवान उभे करावे लागतील, आणि त्यांतील काही परतणार नाहीत. हे ओझे खासदाराने जनतेपुढे उघडपणे मांडायला हवे. शब्द पाळणे फुकट असते तर त्याला कोणी मोठेपणा दिला नसता.

आपण काय करावे?

निवडणूक आली की आपण उमेदवाराला पाणी, रस्ते, लोकल गाड्या यांबद्दल विचारतो, आणि ते योग्यच आहे. संरक्षणाचा विषय निघाला की मात्र घोषणा ऐकून घरी येतो. लोकसभेच्या उमेदवाराला एकदा हाही प्रश्न विचारा: आपला देश जी शस्त्रे वापरतो, त्यांनी युद्ध संपल्यावर कोणाला इजा होईल? असे विचारण्याने देशप्रेम कमी होत नाही. सरहद्दीवरच्या जवानावर आणि तेथील शेतकऱ्यावर, दोघांवरही आपले प्रेम असले पाहिजे.

या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण सर्व देशांच्या लोकप्रतिनिधींसाठी प्रार्थना करू. गुडघे टेकून, हातातल्या काडीने जमीन चाचपत, इतरांनी पेरलेले सुरुंग एकेक करून काढणाऱ्या स्त्रीपुरुषांचीही त्या वेळी आठवण ठेवू.

आपले,
प्रमुख धर्मगुरू