हुर्यो कुणाची?

1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा त्या हंगामातला घरचा पहिला सामना होता, समोर राजस्थान रॉयल्स. नाणेफेकीला कर्णधार हार्दिक पंड्या आला आणि स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. संजय मांजरेकर, म्हणजे मुंबईच्याच मातीतले, माइक घेऊन उभे होते. त्यांनी प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं. आवाज काही थांबला नाही. मग सामना सुरू झाला. ज्याच्या नावाचा गजर चालला होता तो रोहित शर्मा पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. मुंबईच्या 125 धावांत सर्वाधिक 34 धावा हार्दिकच्या होत्या. पुढे क्षेत्ररक्षणाच्या वेळी रोहितनेच प्रेक्षकांकडे बघून, आता पुरे, अशी हाताने खूण केली. ज्याच्या वतीने भांडण चाललं होतं तोच भांडण थांबवायला सांगत होता.

या प्रसंगावर तेव्हा बोरिवली लोकलच्या डब्यापासून मुलुंडच्या सोसायटीतल्या बाकापर्यंत बोलून झालं. क्रिकेटच्या अंगाने त्यात आता काही उरलेलं नाही. पण एक प्रश्न मला त्यापलीकडचा वाटतो. संघाच्या मालकाने आपल्या मनाविरुद्ध निर्णय घेतला, तर चाहत्याला रागवायचा हक्क आहे का? आणि असला तर तो राग त्याने काढायचा कुणावर?

आधी राग समजून घेऊ. रोहितने 2013 च्या हंगामात रिकी पाँटिंगकडून मध्येच कर्णधारपद घेतलं आणि 2013, 2015, 2017, 2019, 2020 अशी पाच विजेतेपदं दिली. 15 डिसेंबर 2023 रोजी मुंबई इंडियन्सने पुढच्या हंगामाचा कर्णधार हार्दिक असेल असं जाहीर केलं. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच त्याला गुजरात टायटन्सकडून परत आणलं होतं, पगार 15 कोटी. अनेकांनी संघाला समाजमाध्यमांवर अनफॉलो केलं. मग मार्चमध्ये हंगाम सुरू झाला आणि संघ अहमदाबादला 6 धावांनी हरला, हैदराबादला समोरच्यांनी 277 ठोकल्यावर 31 धावांनी हरला, आणि तिसरा सामना हा वानखेडेवरचा. तीनपैकी तीन पराभव. रागाला आकडेही मिळाले.

खरं तर सुरुवातीच्या पराभवांचं मुंबईच्या चाहत्याला नवल वाटायला नको. 2013 पासून 2025 पर्यंत एकाही हंगामात हा संघ पहिला सामना जिंकलेला नाही, आणि त्यातल्याच पाच हंगामांत तो विजेता आहे. 2015 मध्ये पहिले चारही सामने हरून करंडक उचलला होता. हे ज्याला पाठ आहे तो माणूससुद्धा तीन पराभवांनंतर 'मी सांगितलं होतं' म्हणायला लागला, तेव्हाच कळलं की पराभव हे निमित्त आहे. तक्रार डिसेंबरातली होती, पुरावा एप्रिलमध्ये सापडला. (2024 चा शेवट त्या पुराव्याच्या बाजूने झाला हे खरं. 14 पैकी 4 विजय आणि तळाचा क्रमांक. पण 1 एप्रिलला ते कुणाला ठाऊक होतं?)

आता हक्काचा प्रश्न. सगळ्यात सोपं उत्तर ग्राहकाचं असतं: मी तिकीट काढलंय, वर्गणी भरलीय, माल आवडला नाही तर ओरडणार. आणि त्याला चिकटून येणारं दुसरं वाक्य: 'इतके कोटी घेतोस ना, मग खेळ.' लिलावाने आपल्याला ही भाषा शिकवली. 20 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत पहिला लिलाव झाला, धोनी 15 लाख डॉलरला गेला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक खेळाडूच्या कपाळावर एक आकडा आहे. 2025 च्या हंगामासाठी मुंबईने बुमराहला 18 कोटींना, सूर्यकुमार आणि हार्दिकला 16 कोटी 35 लाखांना आणि रोहितला 16 कोटी 30 लाखांना राखलं, तेव्हा मधल्या पाच लाखांवर लोकांनी जे वाद घातले ते ऐकून वाटावं की पैसे यांच्याच सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून जाणार आहेत.

हे पैसे आपले नसतात. आणि समजा त्यातला काही भाग आपला धरला, तरी आकडा हा कामगिरीचा वायदा नसतो. दोन-चार संघांना एकच माणूस हवा असला की लिलावात किंमत वर जाते. त्यात खेळाडूचा हात नसतो. कोलकात्याने मिचेल स्टार्कला 24 कोटी 75 लाखांना घेतलं. पहिल्या दोन सामन्यांत त्याला एकही बळी मिळाला नाही आणि सगळीकडे त्याच्या एकेका चेंडूची किंमत काढून झाली. पुढे पात्रता सामन्यात आणि अंतिम सामन्यात सामनावीर तोच. एप्रिलमधला हिशेब चुकला होता असं मी म्हणत नाही. तो मांडायचं कारणच नव्हतं. भाजीवाल्याशी घासाघीस आपण करतो कारण पिशवी आपल्या हातात असते.

ग्राहकाचा युक्तिवाद मला आणखी एका कारणाने पटत नाही. गिरणीतून आलेलं पीठ जाडं निघालं म्हणून कुणी रात्रभर जागं राहत नाही. चाहता जागा राहतो. म्हणजे त्याचं नातं व्यवहाराचं नाही. मग ते निष्ठेचं असेल, आणि निष्ठेच्या नात्यातच विश्वासघात होऊ शकतो. 'खाल्ल्या मिठाला जागावं' हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. पण या प्रकरणात मीठ नेमकं कुणी कुणाचं खाल्लं?

एकेकाळी मुंबईत याचं उत्तर सोपं होतं. गोरेगावची निरलॉन, मफतलाल, टाटा, एसीसी या कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या, टाइम्स शील्डला संघ उतरवायच्या. गावसकर निरलॉनचे, संदीप पाटीलही निरलॉनचे. पगार बेताचा, पण पगार सांभाळून सरावाला आणि दौऱ्यावर जाता येई. मुंबईने 1958-59 पासून सलग 15 वेळा रणजी करंडक जिंकला त्यामागे या नोकऱ्याही होत्या. तिथे मीठ दिसत होतं: एक फॉर्म भरलेला आहे, हजेरीपटावर नाव आहे, आणि वाईट हंगामानंतरही एक तारखेला पगार आहे. कंपनीने दुष्काळात सांभाळलं म्हणून माणूस सुकाळात टिकून राहायचा. निष्ठा दोन्ही बाजूंनी होती, निदान तिचा बराचसा भाग.

आता हार्दिकचं बघा. 2015 मध्ये मुंबईने त्याला 10 लाखांना घेतलं. तो मोठा झाला, विजेतेपदांत वाटेकरी झाला. 2022 च्या आधी संघांना चारच खेळाडू राखता येणार होते. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना ठेवलं. हार्दिकला सोडलं. तेव्हा त्याची पाठ दुखावलेली होती, गोलंदाजी जवळपास बंद होती. व्यवहार म्हणून निर्णयात चूक काढता येणार नाही. गुजरातने त्याला घेतलं, कर्णधार केलं, त्याने पहिल्याच वर्षी विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामना दिला. मग तो परत आला. अहमदाबादच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली कारण तो सोडून गेला. मुंबईच्या प्रेक्षकांनी उडवली कारण तो आला. एकाच माणसावर एकाच आठवड्यात जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही आरोप. मधल्या काळात त्याला सोडलं कुणी होतं हे मात्र दोन्हीकडे कुणाच्या लक्षात नव्हतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला होता. 1969 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाकडे देऊन टाकलं. त्याला वर्षाला 90 हजार डॉलर मिळत होते, त्या काळात ही मोठी रक्कम. त्याने जायला नकार दिला आणि आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की आपण कुणाच्या मर्जीने विकण्या-घेण्याची वस्तू नाही. 1972 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 3 मतांनी हरला, कारकीर्दही संपली. आपला संघ आपण निवडायची मोकळीक पुढे काही वर्षांत इतर खेळाडूंना मिळाली. त्याला लोकांनी ऐकवलं होतं ते आपल्याही ओळखीचं आहे: इतके पैसे मिळतात, मग तक्रार कसली? पैसा जास्त असला की माणसाचा स्वतःच्या जागेवरचा हक्क कमी होतो, असं आपण सहज धरून चालतो. हे मला चुकीचं वाटतं, फ्लडच्या बाबतीत आणि हार्दिकच्याही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. हार्दिकने कर्णधारपद स्वीकारलं, नाही म्हणू शकला असता. पद घेतलं की पदाबरोबर येणाऱ्या शिव्याही घ्याव्या लागतात. निर्णय दिल्लीत झाला तरी रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल आपण नगरसेवकालाच विचारतो. आणि दुसरं, मालक कुठे ऐकतात? ते काचेमागे असतात. चाहत्याकडे आवाजाशिवाय काही नाही, आणि आवाज पोचतो तो मैदानातल्या माणसापर्यंतच.

यातला पहिला भाग मी अर्धा मान्य करतो. कर्णधाराने पहिलं षटक स्वतः टाकावं की बुमराहला द्यावं, यावर हवा तेवढा आरडाओरडा करा. तो त्याच्या पदाचा भाग आहे. पण 1 एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी त्याने अजून काहीच केलेलं नव्हतं. ती हुर्यो त्याच्या असण्याची होती. दुसरा भाग मला आणखी कच्चा वाटतो. जो हाताशी सापडतो त्याला बडवायचं, कारण खरा माणूस सापडत नाही, याला मराठीत 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणतात. शिवाय मालकापर्यंत पोचायची वाट होती: तिकीट न काढणं. वानखेडे भरलेलं होतं. रागही करायचा आणि सामनाही चुकवायचा नाही, म्हणजे रागाची किंमत दुसऱ्याने मोजायची.

हे लिहिताना चाहत्याचा राग खोटा होता असं मला म्हणायचं नाही. रोहितबद्दलचं बोरिवलीकरांचं प्रेम करारातून आलेलं नाही. आजी-आजोबांकडे राहून शिकलेला मुलगा, प्रशिक्षक दिनेश लाड यांनी हेरून आपल्या शाळेत आणलेला, फी परवडत नव्हती म्हणून शिष्यवृत्तीवर शिकलेला. ही गोष्ट उपनगरातल्या प्रत्येक घराला स्वतःची वाटते. पण आयपीएलमधला रोहितही आधी तीन हंगाम हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचा होता आणि मुंबईकडे 2011 च्या लिलावातून, 20 लाख डॉलरला आला. लिलावातून आलेला माणूस आपला होऊ शकतो, हे आपण स्वतःच सिद्ध केलंय. मग तोच दरवाजा दुसऱ्यासाठी बंद करायला निमित्त काय, ते तरी सांगायला हवं.

29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. पहिल्याच चेंडूवर मिलरचा तो झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर पकडला. भारत 7 धावांनी जिंकला. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली आणि त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा गजर झाला. सगळ्यांना बरं वाटलं, वर्तमानपत्रांनी वर्तुळ पूर्ण झाल्याचं लिहिलं. मला त्या गजराने फार समाधान झालं नाही. समजा मिलरचा तो चेंडू सहा-सात फूट पुढे पडला असता, तर? एप्रिलमधली हुर्यो तेव्हा योग्य ठरली असती का? एखाद्यावर अन्याय झाला असेल तर तो विश्वचषक हरल्यावरही अन्यायच राहतो. आपण त्याला माफी दिली ती जिंकल्याची, आणि जिंकणाऱ्याला माफी लागत नाही. त्या गर्दीतल्या काहींना आतून लाज वाटली असेल, हेही शक्य आहे. गजरात लाज वेगळी ऐकू येत नाही, एवढंच.

वानखेडेवर त्या हुर्योच्या 18 दिवस आधी, 14 मार्चला, आणखी एक गोष्ट घडली होती. मुंबईने विदर्भाला हरवून 42 व्या वेळी रणजी करंडक जिंकला. शेवटचा बळी धवल कुलकर्णीने घेतला, त्याच्या शेवटच्या सामन्यात. कर्णधार अजिंक्य रहाणे, दुसऱ्या डावात 95 धावा श्रेयस अय्यरच्या, ज्याचा बोर्डाचा वार्षिक करार दोनच आठवड्यांपूर्वी गेला होता. तो संघ मुंबईचा होता, शब्दशः. पुढच्या वर्षीच्या आयपीएलमध्ये रहाणे कोलकात्याचा कर्णधार आणि श्रेयस पंजाबचा, 26 कोटी 75 लाखांना. 1 जून 2025 ला अहमदाबादेत सुरू झालेला सामना मध्यरात्रीनंतर संपला. श्रेयसने 41 चेंडूंत नाबाद 87 धावा करून मुंबई इंडियन्सला स्पर्धेबाहेर काढलं. अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत टीव्ही बंद करताना लोक हळहळले, शिव्याही दिल्या असतील. पण वरळीच्या त्या पोराला कुणी गद्दार म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही.